पूर्वेकडची घरं

पुसदच्या बसस्टँडमागे एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी अठरा वर्षं नकाशे काढले. घरांचे नकाशे, नगरपरिषदेच्या मंजुरीला लागतात तसे. पुढून एवढी जागा सोडली, जिना इथे, मोरी तिथे. लोक यायचे, म्हणायचे, "बाई, हॉल मोठा पाह्यजे," आणि मी हॉल मोठा करायची. मग साहेबांच्या मुलाने त्यांना अमरावतीला नेलं, ऑफिसच्या शटरला कुलूप लागलं. त्याच वर्षी आई गेली. लग्न मी केलेलं नव्हतं. त्यामागे सांगण्यासारखी काही मोठी गोष्ट नाही, राहून गेलं. तर भाड्याच्या दोन खोल्या, एक कूलर, एक लॅपटॉप आणि मी, एवढंच उरलं.

आमच्या ऑफिसात पूर्वी एक मुलगी काही महिने काम शिकायला आली होती, दिग्रसची. ती आता पुण्यात नोकरीला होती. एका सकाळी तिचा फोन आला.

"ताई, काम आहे. घरूनच करायचं. पण जरा वेगळं आहे."

"कायचं?"

"एक शहर आहे, लढाईत पडलेलं. ते पुन्हा बांधणार आहेत. त्याचा नकाशा करायचा."

मला वाटलं पोरगी थट्टा करते. "पुसदात बसून?"

"तुम्ही कुठंही बसा ना ताई. मीही पुण्यातच बसून राह्यली."

त्या शहराचं नाव मी सांगत नाही. तशी सही करून दिलेली आहे. आपल्या पश्चिमेला, समुद्रापलीकडच्या एका देशातलं ते शहर आहे, तिथे अरबी बोलतात आणि लढाई थांबून तेव्हा काही वर्षं झाली होती, एवढं पुरे.

पहिले काही महिने काम मुकं होतं. सॅटेलाइटने वरून काढलेला फोटो उघडायचा आणि एकेका छपराभोवती रेघ ओढायची. उभ्या घराला निळा रंग, अर्धवट पडलेल्याला पिवळा, पार पडलेल्याला लाल. घर किती मजली आहे ते सावलीच्या लांबीवरून ठरवायचं. पडलेल्या घराची सावली नसते, हे मला त्या कामात कळलं. कधी एखाद्या गच्चीवर दोरीला काहीतरी वाळत घातलेलं दिसायचं. मग मी माउस सोडून नुसती बघत बसायची. वाळत घातलंय म्हणजे खाली कोणीतरी राहतं आहे.

रेघा झाल्यावर त्यांची उभी घरं केली. संगणकावर त्या गल्लीतून चालता येईल, असं मॉडेल. या कामाची रीत अशी होती की गल्ली कशी बांधायची ते तिथल्या रहिवाशांनी ठरवायचं. तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर आठवड्याला पंधरा-वीस जण जमत. भिंतीवर मॉडेल दिसायचं. ते स्वतः माउस हातात घेऊन ओटा सरकवायचे, झाड लावायचे, भिंत मागे घ्यायचे. त्यांचा दुपारच्या जेवणाआधीचा वेळ म्हणजे आपली दुपारची तीनची वेळ. त्यांनी सांगितलेले बदल मी इथून नीट मापात बसवायची. तिथली दुभाषी इंग्रजीत बोलायची, आणि माझं इंग्रजी बेताचं म्हणून दिग्रसची मुलगी बाजूच्या चौकटीत मला भराभर मराठीत लिहून द्यायची.

तीन वाजता मी "हॅलो" म्हणायची तेव्हा आवाज घोगरा निघायचा. सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, त्याच्याशीही बोलणं व्हायचं नाही. माझा कॅमेरा बंद असे. त्या हॉलमधल्या भिंतीवर मी म्हणजे कोपऱ्यातला एक काळा चौकोन होते. कोणी विचारलं नाही आणि मीही दाखवलं नाही.

त्या लोकांत एक म्हातारी बाई होती, सत्तरीची असेल. ती शिवणकाम करायची. लढाईआधी त्याच गल्लीत तिचं लहानसं दुकान होतं. ती कधी चुकायची नाही. पुढच्या खुर्चीत बसायची, पर्स मांडीवर. पहिल्या तीन मीटिंगांत काही बोलली नाही. चौथ्या वेळी उठली आणि म्हणाली, "मापं बरोबर असतील. पण ही माझी गल्ली नाही."

दुभाषीने विचारलं, काय चुकलं?

"मी पाट्यांवरून चालते. बेकरीची हिरवी पाटी आली की माझं घर डावीकडे. इथे पाट्याच नाहीत. मी वळू कुठे?"

मग रहिवाशांनी जुन्या फोनांतले फोटो शोधून पाठवले. कोणाचं लग्न, कोणाची नवी मोटरसायकल, आणि त्यांच्या मागे एखाद्या दुकानाची अर्धी पाटी. पाटीवर काय होतं ते त्यांनी टाइप करूनही दिलं. मी ते मॉडेलमध्ये टाकलं. पुढच्या मीटिंगला हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. आमच्या सॉफ्टवेअरला ती लिपी झेपत नव्हती. जोडून लिहायची अक्षरं सुटी पडून उलट्या बाजूने लागली होती. मला वाचता येत नसल्यामुळे मला ते दिसलंच नव्हतं. म्हातारी म्हणाली, "हे काय, मुंग्या?"

त्या संध्याकाळी मी फोटोंचे प्रिंट घेऊन तहसीलच्या रस्त्याला गेले. तिथे एक म्हातारे पेंटर बसायचे. एके काळी पुसदच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, मराठी, हिंदी, उर्दू, कोणाला हवी तशी. फ्लेक्स आल्यापासून नंबरप्लेटा आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, एवढंच काम राहिलं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मीही.

"चाचा, हे वाचता येते काय तुमाले?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. प्रिंट लांब धरला, जवळ धरला. मग सावकाश, एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचलं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"मले काय मालूम बेटा? अक्षरं वळखीचे आहेत, शब्द नाही."

"तिकडचे लोक सांगतात, त्याचा अर्थ पाववाला."

चाचा हसले. "मले वाटलं काही मोठी दुआ असंन."

मी त्यांना कामाबद्दल सांगितलं. हाताने पाट्या लिहून द्या, मी त्यांचे फोटो काढून मॉडेलमध्ये चिकटवते. त्यांना सगळं कळलं असं नाही, पण पाट्या लिहायच्या आहेत हे कळलं, आणि ते लगेच उठून ब्रश धुवायला लागले.

पुढच्या मीटिंगला ते माझ्या घरी येऊन बसले. टोपी, इस्त्रीचा सदरा. मी चहा केला. आईनंतर त्या खोलीत दुसरा कप पहिल्यांदाच लागला, आणि मला तो शोधावा लागला. स्क्रीनवर गल्ली उघडली, चाचांच्या पाट्या दिसल्या, आणि हॉलमधले लोक हसायला लागले. वाईट हसणं नव्हतं ते, पण हसणंच होतं.

"हसून काहून राह्यले?" चाचांनी विचारलं.

मी चौकट वाचली. सांगावं की नाही, कळेना. "तुमचे अक्षरं तिरपे आहेत म्हणतात. उर्दूवाणी. त्यांच्याकडं असं लिहत नाही. गल्लीत कोणी पाहुणा माणूस येऊन लिहून गेल्यासारखं वाटते म्हणे."

चाचा उठले. चहा तसाच ठेवून निघून गेले. मला वाटलं, संपलं.

चार दिवसांनी चाचा स्वतःच दार वाजवत आले. काखेत पुठ्ठ्यांची गुंडाळी. "लहानपणी मशिदीत मौलानांनी जे शिकवलं, ते अक्षर सरळ बसते. मी सारं आयुष्य दुकानाचं लिहलं, तं ते इसरलो होतो. हे पाह्य."

त्या मीटिंगला कोणी हसलं नाही. म्हातारी शिवणवाली उठली, भिंतीजवळ गेली आणि बेकरीच्या हिरव्या पाटीवर तिने तळवा ठेवला. तिची सावली अख्ख्या गल्लीवर पडली. मागून कोणीतरी तिला बाजूला हो म्हणालं, ती झाली नाही. मग तिने विचारलं, हे कोणी लिहिलं?

दिग्रसच्या मुलीने मला लिहिलं, ताई, कॅमेरा सुरू करा.

मी केला. हॉलमधल्या भिंतीवर आम्ही दोघं दिसलो असणार. मागे कूलर, खुंटीवर माझी पिशवी. चाचांनी छातीवर हात ठेवून सलाम केला. म्हातारी काहीतरी बोलली. दुभाषी हसून म्हणाली, ती विचारते आहे, तुम्ही बाप-लेक आहात का?

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "हो म्हण ना. तिथून कोन पाह्याले येऊन राह्यलं?"

मी हो म्हटलं. कितीतरी दिवस मला त्याचं बरं वाटत राहिलं आणि लाजही वाटत राहिली.

पुढे चाचा दर मीटिंगला यायचे. कामापुरते नाही, असेच. त्यांची बायको गेलेली, मुलगा नांदेडला गॅरेज चालवायचा. ते स्टुलावर बसून बघत आणि मधूनच विचारत, "हा माणूस आज काहून नाही आला?" त्यांना तिथले चेहरे माझ्याहून जास्त पाठ झाले होते.

त्या गल्लीची एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. लढाईत ती गल्लीच मधली रेघ झाली होती. पश्चिमेकडच्या घरांतले लोक एका बाजूचे ठरले, पूर्वेकडच्या घरांतले दुसऱ्या. हॉलमध्ये येणारे जवळजवळ सगळे पश्चिमेचे होते. पूर्वेकडचे निघून गेले होते, कोण कुठे, कोणाला नीट माहीत नव्हतं. मीटिंगमध्ये त्यांच्याबद्दल कोणी बोलत नसे. मॉडेलमध्ये मात्र त्यांची घरं होती, कारण सॅटेलाइटला कोण कोणाचं ते कळत नाही आणि मी सगळ्याच छपरांच्या रेघा ओढल्या होत्या.

एका सकाळी मी फाइल उघडली, तर पूर्वेकडची अख्खी ओळ नव्हती. टोकापासून टोकापर्यंत साफ. तिथे हिरवा चौकोन होता, बाग म्हणून, आणि गाड्या लावायची जागा. मॉडेलमध्ये बदल करायची मुभा रहिवाशांना होतीच. त्यांच्यापैकी कोणीतरी घरी बसून हे केलं होतं.

माझ्याकडे आदल्या दिवशीची फाइल होती. मी ती परत टाकणार होते, पण आधी दिग्रसच्या मुलीला फोन केला. तिने वरच्या साहेबांना विचारलं आणि अर्ध्या तासाने तिचा उलट फोन आला.

"ताई, साहेब म्हणतात हात लावू नका. मॉडेल त्यांचं आहे. आपण ठरवणारे कोण?"

"पण ते घरं होते तिथं. म्या स्वतः काढले."

"मले समजते ताई. पण बाग बांधायची का घरं, हे आपण पुसदातून सांगायचं काय?"

तिचं चूक नव्हतं. म्हणून तर जास्त त्रास झाला. त्या दिवशी मी जेवले नाही. दुपारी चाचा आले, मी त्यांना रिकामी बाजू दाखवली.

"किती वेळ लागला असंन खोडायले?"

"एक बटन, चाचा."

"आमच्या कामात तं घासा लागते. अन् घासून वरतून नवं नाव लिहलं, तरी चार पावसाळ्यांत जुनं खालून दिसूनच येते." एवढं बोलून ते स्टुलावर टेकले. मीही काही विचारलं नाही. पुसदात आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या मोहल्ल्यांतले. इतक्या महिन्यांत मी त्यांच्या घरी एकदाही गेले नव्हते, हे मला तेव्हा त्या स्टुलाकडे बघताना जाणवलं.

मीटिंगला भिंतीवर बाग दिसली. कोणी म्हणालं, छान आहे, मुलांना खेळायला होईल. दोघांनी माना हलवल्या. कोणी केलं हे कोणी विचारलं नाही. दुभाषी पुढच्या मुद्द्याकडे वळली तेव्हा म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "ती घरं परत ठेवा."

एक माणूस चिडून बोलला. आमच्यावर गोळ्या त्याच गच्च्यांवरून आल्या, असं काहीसं. ते खोटं नव्हतं, हे हॉलमधल्या शांततेवरून कळलं. म्हातारीनेही ते नाकारलं नाही.

"आल्या असतील," ती म्हणाली. "मी त्यांचे कपडे शिवले आहेत. मला त्यांची मापं माहीत आहेत."

आणि ती सांगायला लागली. कोपऱ्यावरचं पहिलं घर, उंच माणूस, डावा खांदा उतरता, त्याच्या कोटाला आतून गादी लावावी लागायची. त्याला लागून चार मुलींचं घर, चौघींचे फ्रॉक एकाच ताग्यातून, मोठीचा उसवून धाकटीच्या मापाला. त्यापुढे एक विधवा, तिला खिसा हवा असायचा, बाहेरून न दिसणारा. मला मराठीतून हे उशिरा येत होतं. ती तिसऱ्या घरावर असायची तेव्हा मी पहिल्यावर असायची. माझा हात आपोआप चालू झाला. ती सांगत गेली तशी मी त्या बागेवर एकेक चौकट काढत गेले, भरीव नाही, तुटक रेघेने. आमच्या नकाशात तुटक रेघ म्हणजे जे आहे पण समोर दिसत नाही ते. हॉलच्या भिंतीवर माझ्या माउसचा बाण हलताना त्यांना दिसत होता. साहेबांनी हात लावू नका म्हटलं होतं. मी लावला.

दोन माणसं उठून गेली. बाकीचे बसून राहिले. शेवटी एक शिक्षक म्हणाला की तुटक रेघा तशाच राहू द्या. त्या लोकांना शोधू, विचारू, आणि ते काय म्हणतात ते कळेपर्यंत तिथे काही बांधू नका. हात वर झाले, सगळे नाही, पण पुरेसे.

पुढच्या आठवड्यांत काही जण फोनवर सापडले. चार मुलींच्या बापाने सांगितलं, आम्ही येणार नाही, जागा कोणाला द्यायची ते नंतर कळवतो. कोपऱ्यावरच्या उंच माणसाने फक्त विचारलं, माझ्या दारातलं तुतीचं झाड आहे का? मी सॅटेलाइटच्या फोटोत शोधलं. नव्हतं. दुभाषीने त्याला ते कसं सांगितलं, मला माहीत नाही. विधवेचा पत्ता लागलाच नाही.

साहेब मला रागावले नाहीत. त्यांनी एवढंच लिहिलं की यापुढे विचारून करावं. यापुढे फारसं काही उरलंही नव्हतं. काम संपत आलं होतं, पुढचं काम तिथल्याच इंजिनिअरांकडे जाणार होतं. हे मला ठाऊक होतं, पण ज्या सकाळी पासवर्ड चालला नाही त्या सकाळी मी तो पाच वेळा टाकला. दोन वर्षं ज्या गल्लीतून रोज चालले तिच्यात आता मला शिरता येत नव्हतं. म्हातारीचा निरोप घ्यायचा राहिला. तिला माझं नावही माहीत नव्हतं, तिच्यासाठी मी पेंटरची मुलगी होते.

चाचा त्यानंतरच्या हिवाळ्यात नांदेडला गेले. डोळ्यांत मोतीबिंदू, मुलाने येऊन नेलं. मला ते शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं. मीटिंगा थांबल्यावर त्यांचं माझ्याकडे येणंही थांबलं होतं, आणि मी त्यांच्याकडे जाईन जाईन म्हणत गेले नव्हते. त्यांचा फोन नंबर माझ्याजवळ नव्हता. इतके महिने ते स्वतःच तीनच्या आधी येऊन बसायचे, नंबर लागलाच नाही कधी.

पुढे वर्षभराने दिग्रसच्या मुलीने एक व्हिडिओ पाठवला. गल्लीत काम सुरू झालं होतं. पश्चिमेकडे नव्या भिंती, कोरं सिमेंट. बेकरी उघडली होती, तिच्यावर पाटी हिरवीच, पण छापील फ्लेक्सची. पूर्वेकडे तीन घरांचे पाये भरले होते, उरलेल्या जागेला दोरी बांधून ठेवली होती. बाग नव्हती, गाड्याही लावलेल्या नव्हत्या. म्हातारी व्हिडिओत दिसत नव्हती. मी विचारलं, तेव्हा कळलं की ती मुलीकडे दुसऱ्या देशात राहायला गेली, परत येणार नाही म्हणे. मी तो व्हिडिओ पुष्कळदा पाहिला. कोणाला दाखवावा असं कोणी आठवेना.

आता मी पुन्हा घरांचे नकाशे काढते. लेआउटमधले प्लॉट, वीस बाय चाळीस, गाडी ठेवायला जागा हवीच. काम बरं चालतं.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी उठून चाचांच्या मोहल्ल्यात गेले. घर कोणतं ते माहीत नव्हतं, आणि ते तिथे नाहीत हेही माहीत होतं. गल्ली अरुंद, दोन्हीकडे ओटे, एका ओट्यावर वाळत घातलेल्या शेवया. मी सावकाश चालत होते, दारांकडे बघत. एका दारातून माझ्याच वयाची बाई बाहेर आली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोणाकडं आल्या, बाई?"

"कोणाकडंच नाही," मी म्हटलं. "पाहून राह्यली होती."

तिला ते विचित्र वाटलं असणार. पण तिने आत जाऊन पाण्याचा गिलास आणला. मी ओट्याच्या कडेला बसून पाणी प्यायले, गिलास परत दिला. ती अजून काही विचारेल म्हणून थोडी थांबले. ती शेवया उलटायला लागली, आणि मी घरी आले.